साळूबाईंचा शिसवी बास

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत होतं आणि ते बास गिटार वाजवत होतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसायला जागा मिळेलच असं नाही.

त्याचं नाव झिपरू. अंगाने थोराड, स्वभावाने मऊ. कोणी "जरा सरक" म्हटलं की तो सरकायचा. कोणी काहीच म्हटलं नाही तरी थोडा सरकून ठेवायचा.

बास गिटार म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी माहीत असल्यासारखा चेहरा करून बसा. मोठी माणसं तसंच करतात. साध्या गिटारला सहा बारीक तारा असतात. बासला चार असतात, चांगल्या जाड. गिटार कानात वाजते आणि बास पोटात वाजतो. गाणं चालू असताना तो वेगळा ऐकू येत नाही, पण बाकीचे सगळे त्याच्यावरच पाय रोवून उभे असतात.

झिपरू ज्या मंडळींत वाजवायचा त्यांचं नाव होतं 'पिसारा आणि मंडळी'. पिसारा म्हणजे मोरबुवा. ते गायचे, नाचायचे आणि मधल्या वेळात स्वतःची ओळख करून द्यायचे. ड्रम एक वानर वाजवायचा. झिपरू सगळ्यांच्या मागे, पळसाखाली उभा राहायचा. तिथे उजेड पोचत नसे. झिपरूला ते चालायचं.

उजेडावरून सांगायचं राहिलं. या जंगलाला वीज काजवे पुरवत. त्यांचं मंडळ होतं. काजवे संध्याकाळी जागे होत, तेव्हा वीज येई. दिवसा वीज नसे. याबद्दल तक्रार करायची तर मंडळाचं कार्यालय फक्त दिवसा उघडं असे आणि दिवसा सगळे काजवे झोपलेले असत. त्यामुळे तक्रारी फार आल्या नव्हत्या, आणि मंडळ ही गोष्ट अभिमानाने सांगे.

तर एकदा झिपरू मामाकडे लग्नाला गेला आणि परत येऊन बघतो तो वाळवीने त्याच्या जुन्या बासचा दांडा खाऊन टाकलेला. खालचं खोडही पोखरलेलं. तारा तेवढ्या शिल्लक होत्या. वाळवीला लोखंड आवडत नाही.

झिपरू मोरबुवांकडे गेला आणि झालेला प्रकार सांगितला. मोरबुवा पिसं साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चैत्रात जत्रा आहे," ते म्हणाले. "आपला कार्यक्रम आहे. नवा बास आणलास तर ये. नाही आणलास तरी काही बिघडत नाही. खरं सांगू का, मला तो कधी ऐकूच आला नाही."

मोरबुवा हे रागाने म्हणाले असते तर झिपरूला इतकं लागलं नसतं. ते अगदी सहज म्हणाले. झिपरू घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. इतकी वर्षं तो पळसाखाली उभा राहून समजत होता की आपण आहोत म्हणून गाणं उभं आहे. आता त्याला एकच हवं होतं. जत्रेत आपला बास वाजावा, आणि तो नसता तर काय झालं असतं हे निदान एकाला तरी कळावं. मोरबुवांना नाही कळलं तरी चालेल. कोणालातरी.

बास घ्यायचा तर साळूबाईंचाच, याबद्दल त्याच्या मनात प्रश्न नव्हता.

साळूबाई म्हणजे ओढ्यापलीकडची म्हातारी साळिंदर. ती दातांनी लाकूड कोरून बास करायची. जंगलात बास करणारे आणखीही होते, पण साळूबाईंचा बास म्हणजे साळूबाईंचा बास. ज्याच्याकडे तो असे, तो आधी ते सांगे आणि मग स्वतःचं नाव. झिपरू कोणाशी कधी वाद घालत नसे, फक्त या एका विषयावर घालायचा. त्यातही समोरचा फार चिडला तर "तुमचंही बरोबर आहे" म्हणून मोकळा व्हायचा.

एका संध्याकाळी तो साळूबाईंच्या कारखान्यात गेला. काजवे नुकतेच कामावर आले होते. भिंतीवर बास टांगलेले होते: एक सागाचा, एक आंब्याचा, एक शिसवी आणि दाराशी एक फणसाचा. फणसाचा बास पिवळट होता. त्याच्या पाठीवर लाकडाची मोठी गाठ होती, ती साळूबाईने तशीच ठेवली होती.

"वाजवून बघ की," साळूबाई म्हणाली आणि तिने फणसाच्या बासची वायर स्पीकरला लावली.

झिपरूने सगळ्यात जाड तार एकदा छेडली. एकदाच. तो आवाज स्पीकरमधून निघाला, जमिनीत गेला आणि झिपरूच्या तळव्यांतून वर येऊन पोटात बसला. कोपऱ्यातला लाकडाचा भुसा हलला. झिपरूला एकदम रडू आलं. का आलं ते त्याला सांगता आलं नसतं. आपल्या पोटात इतकी वर्षं जे होतं ते बाहेर कोणीतरी करून टांगून ठेवलंय असं त्याला वाटलं.

"आवडला?" साळूबाईने विचारलं.

"फार."

"मग घेऊन जा."

झिपरूने डोळे पुसले. बास जपून खाली ठेवला आणि म्हणाला, "घरी विचारून सांगतो."

मुलांनो, गोष्ट खरं तर इथेच संपली. पण तुम्हाला झोप आलेली दिसत नाही, म्हणून पुढचंही सांगतो.

झिपरूच्या घरी म्हणजे गोदाआत्या. झिपरूची आई तो लहान असतानाच गेली. तेव्हापासून आत्याने त्याला सांभाळलं होतं. मधमाश्या चावल्या की ओली माती लावायला तीच, आणि चावून घेतल्याबद्दल पाठीत धपाटा घालायलाही तीच. तिच्या शब्दाबाहेर झिपरू कधी गेला नव्हता. जावंसंही वाटलं नव्हतं, कारण आत्याचं त्याच्यावर खरोखर प्रेम होतं. हीच तर अडचण होती.

"आत्या, मी बास बघून आलो," झिपरू म्हणाला.

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

आत्याने हातातलं काम खाली ठेवलं. "एकटा? संध्याकाळचा? आपल्याकडे असं असतं का रे?"

आणि ते खरंच होतं. त्या जंगलात घरात कुठलीही मोलाची गोष्ट यायची, तर आधी बघायचा कार्यक्रम होत असे. मग ती नवरी असो, रांजण असो की बास असो. चार घरची माणसं जात. बसत. पोहे खात. प्रश्न विचारत. आणि कार्यक्रम नेहमी सकाळी, सूर्य डोक्यावर यायच्या आत. शुभ कामाला संध्याकाळी कोणी बाहेर पडतं का?

सकाळी वीज नसते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या आलं नाही. रांजणाला कुठे वीज लागते?

तर ठरल्या दिवशी सकाळी सगळे साळूबाईंकडे निघाले. पुढे गोदाआत्या. तिच्यामागे काका, म्हणजे आत्याचे यजमान, हे पोह्यांसाठी आले होते. काकांच्या शेजारी खोकडसर, आणि सगळ्यात मागे झिपरू. त्याला आत्याने विंचरून विंचरून गुळगुळीत केलं होतं.

खोकडसर कोण, ते सांगतो. ते एक खोकड होते आणि बासमधले जाणकार होते. दरवर्षी ते पाणवठ्याजवळच्या वडाच्या बुंध्यावर 'साळूबाईंचे सर्वोत्तम बास' अशी क्रमवारी कोरून ठेवत. प्रत्येकाखाली दोन ओळी असत. 'मधल्या सुरांत किंचित मातकट, पण शेवटाला मधाचा भास.' किंवा 'प्रौढ, संयमी, थोडा एकलकोंडा.' त्यांनी स्वतः बास कधी हातात धरला नव्हता. त्यांचे पंजे तारांपर्यंत पोचत नसत. त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती आहे असं सगळे मानत.

साळूबाईने चटया घातल्या होत्या. पोहे आले. जंगलात पोहे कुठून आले, असा प्रश्न ज्याच्या डोक्यात आलाय त्याने तो तिथेच ठेवावा. बघायचा कार्यक्रम म्हटला की पोहे येतात. झिपरू मान खाली घालून कडेला बसला. साळूबाईने एकेक बास आणून मधल्या चटईवर ठेवायला सुरुवात केली.

आधी फणसाचा आला.

"रंग असाच का?" आत्या म्हणाली. "कावीळ झाल्यासारखा?"

"फणसाचं लाकूड पिवळंच असतं," साळूबाई म्हणाली. "वयाबरोबर गडद होतं."

"तोवर आम्ही काय सांगायचं लोकांना?" आत्याने वाकून बघितलं. "जरा पाठ दाखवा."

साळूबाईने बास पालथा केला. गाठ दिसली.

काकांनी पोह्यातला दाणा बाजूला काढला. खोकडसरांनी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "माझ्या क्रमवारीत हा नाही." बास परत भिंतीवर गेला.

सागाचा आला. तो आत्याला जड वाटला. आंब्याचा आला. "आंबा म्हणजे चौकटीला लावतात तो?" आत्याने विचारलं आणि उत्तराची वाट बघितली नाही.

मग शिसवी आला. काळाभोर, चकचकीत. कडेने शिंपल्यांची नक्षी, दांड्यावर शिंपल्यांचेच चंद्र. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं आणि काकांनीसुद्धा क्षणभर खायचं थांबवलं.

"सर्वोत्तम," खोकडसर म्हणाले. "सलग अनेक वर्षं पहिला क्रमांक. काय व्यक्तिमत्त्व आहे बघा. आवाज असा, की संपल्यावरही संपत नाही."

"सुरू कधी होतो?" काकांनी विचारलं. आत्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते परत पोह्यांकडे वळले.

"तारा चारच?" आत्याने विचारलं. "आमच्या शेजारच्या रानडुकरांकडे पाच तारांचा आलाय."

"बासला चार पुरतात," साळूबाई म्हणाली.

"घराणं तुमचंच ना? की बाहेरून करून घेता?"

"मीच कोरते. हे माझे दात बघा."

"आवाज मोठा नाही ना फार? म्हणजे घरात म्हातारी माणसं आहेत."

"तो वाजवणाऱ्यावर आहे."

आत्याने शिसवी बास मांडीवर घेतला, उन्हात फिरवून बघितला आणि मग तिचं बोट एका जागी थांबलं. "सगळं छान आहे हो. पण या तारांखाली दोन काळ्या पट्ट्या कसल्या बसवल्यात? विटा ठेवल्यासारख्या? इतकं सुंदर लाकूड, आणि त्याच्या ऐन छातीवर हे!"

त्या पट्ट्यांना पिकअप म्हणतात, मुलांनो. आत लोहचुंबक असतं. तार हलली की पिकअपला कळतं. पिकअप ते वायरीला सांगतो, वायर स्पीकरला सांगते आणि स्पीकर सगळ्यांना सांगतो. पिकअप काढला तर कोणी कोणाला काही सांगत नाही. मग तो बास म्हणजे तारा लावलेली फळी.

"ते काढता येतील का?" आत्याने विचारलं. "आणि तिथे शिंपल्याचं कमळ बसवलं तर?"

"बसवता येईल," साळूबाई म्हणाली. आणि तिने झिपरूकडे बघितलं.

झिपरूला सगळं कळत होतं. त्या सगळ्या मंडळींत पिकअप म्हणजे काय हे साळूबाईनंतर त्यालाच माहीत होतं. त्याने तोंड उघडलं. आत्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की ती कधी इतकी तरुण दिसलेली त्याला आठवत नव्हती. भाच्यासाठी आपण जंगलातली सर्वोत्तम वस्तू शोधली, असा तो आनंद होता. झिपरूने तोंड मिटलं. साळूबाई बघतच राहिली.

"झिपऱ्या," आत्या म्हणाली, "तुला काही विचारायचं असेल तर विचार बरं का. वाजवायचं तुलाच आहे. नंतर म्हणू नकोस."

सगळे त्याच्याकडे वळले. दारामागे फणसाचा बास टांगलेला होता. झिपरूला त्याचा नुसता दांडा दिसत होता.

"नाही," झिपरू म्हणाला. "मला काही विचारायचं नाही."

"गुणाचं आहे हो पोर," आत्या साळूबाईला म्हणाली. "पसंत!"

झिपरूने जमवलेला मध साळूबाईंकडे पोचला आणि शिंपल्याचं कमळ बसवून शिसवी बास घरी आला. आत्याने दारात त्याला ओवाळलं. गुहेत मधल्या भिंतीवर, येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसेल असा टांगला. साळूबाईने वाटेत धूळ लागू नये म्हणून त्याला पातळ, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं होतं. झिपरू ते काढायला लागला.

"राहू दे," आत्या ओरडली. "नखं लागतील. नवीन आहे."

"मग वाजवू कसा?"

"जत्रेत वाजवशील की. रोज रोज कशाला वाजवायचं?"

शेजारपाजारचे बघून गेले. रानडुकरीण आली, तिने मान डोलावली आणि घरी जाऊन आपल्या पाच तारांच्या बासकडे नाक मुरडून बघितलं. आत्याला फार बरं वाटलं. झिपरू कोपऱ्यात बसून स्वतःच्या पोटावर बोटं चालवून सराव करायचा. त्याला अजून आशा होती. कसली, ते त्याने स्वतःला नीट विचारलं नव्हतं. जत्रेपर्यंत काहीतरी होईल, एवढंच. मऊ स्वभावाच्या लोकांचं असंच असतं. काहीतरी होईल, आणि ते दुसरं कोणीतरी करेल.

काही झालं नाही. जत्रा आली.

पाणवठ्याशेजारचं माळरान भरून गेलं होतं. संध्याकाळ झाली, काजवे आले, दिवे लागले. आत्या पहिल्या रांगेत, तिच्याशेजारी काका, त्यांच्याशेजारी खोकडसर. झिपरू नेहमीसारखा पळसाखाली जायला निघाला, तर मोरबुवांनीच त्याला हाक मारली.

"अरे, इकडे ये! पुढे, उजेडात. काय सुंदर दिसतंय ते! मागे कसला लपवतोस?"

झिपरू पुढे आला. आत्याने पहिल्या रांगेतून खूण करून परवानगी दिली, तेव्हा त्याने प्लास्टिक काढलं. सगळ्या माळावर 'आहा' झालं. शिंपल्याच्या कमळावर दिवे चमकले. त्याने वायर लावली. वायर कशाला लावली ते विचारू नका. सवय.

गाणं सुरू झालं. झिपरूने जाड तार छेडली. तार हलली. बाकी काहीच हललं नाही.

तो वाजवत राहिला. सगळे सूर बरोबर, सगळ्या जागा बरोबर. त्याची बोटं आयुष्यात इतकी नेमकी पडली नव्हती. आणि त्याचे तळवे जमिनीवर थंड पडले होते. मागे वानराचा ताल मधेमधे सुटत होता. वीजच कमी पडतेय असं समजून वानराने काजव्यांकडे रागाने बघितलं. मोरबुवांचा आवाज दोनदा वर गेला आणि खाली कुठे उतरायचं ते त्यांना सापडेना, म्हणून ते नाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झिपरू मनातल्या मनात म्हणत होता, आता थांबतील. आता कोणीतरी म्हणेल, अरे, हे काय झालंय? कार्यक्रम संपेपर्यंत तो थांबून होता.

कोणी काही म्हटलं नाही. उलट मोरबुवा येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. "आज मजा आली," ते म्हणाले. "आज तू खरा शोभलास."

गर्दी पांगायला लागली, तेव्हा एक म्हातारी धामण झिपरूच्या पायाशी आली. ती दरवर्षी टेकडीपलीकडून जत्रेला यायची, हे झिपरूला माहीत नव्हतं. तो मागे अंधारात उभा राहायचा आणि ती पुढे गवतात, जमिनीला पोट लावून पडून असायची. सापांना कान नसतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. त्यांना जे कळतं ते जमिनीतून.

"बाळा," धामण म्हणाली, "एक विचारू? त्या झाडाखाली एकजण उभा राहून वाजवायचा. तो आज आला नाही का?"

झिपरू खाली वाकला.

"नाही, मी त्याच्यासाठी येते म्हणून विचारलं," धामण म्हणाली. "ड्रम कळतो मला. पण ड्रम म्हणजे कोणीतरी दार ठोठावतंय असं वाटतं. तो वाजवायला लागला की दार उघडायचं. आज सगळा वेळ नुसतं ठोठावणंच चाललं होतं. आजारी आहे का तो?"

"तो मीच," झिपरू म्हणाला. "मीच तो. मी आज वाजवलं नाही, आजी. मला आधीपासून माहीत होतं याला आवाज नाही ते. मी बोललोच नाही. त्यांनी विचारलं होतं मला आणि मी बोललो नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने एवढं सरळ आणि एवढं मोठ्याने काही सांगितलं होतं. धामणीने त्याचं तोंड हलताना बघितलं. तिला कान नव्हते.

"बरं, बरं," ती म्हणाली. "भेटला तर सांग त्याला, मी विचारत होते म्हणून." आणि ती सरपटत टेकडीकडे निघून गेली.

झिपरू त्या माळावर बसून ओक्साबोक्शी रडला. आत्याला वाटलं आनंदाने रडतोय. तीही थोडी रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सत्कार होता. 'जंगलातला सर्वोत्तम बास' म्हणून. अध्यक्ष वाघ होते. ते व्यासपीठावर झोपले होते, त्यामुळे वातावरण मोकळं होतं. शाल झाली, नारळ झाला, खोकडसरांचं भाषण झालं. कालच्या कार्यक्रमात शिसवीचा स्वर कसा 'जवळजवळ अदृश्य' होता, हे त्यांनी फार चांगलं सांगितलं. मग ते म्हणाले, "झिपरू, दोन शब्द बोला."

झिपरू उभा राहिला. त्याने आत्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं.

"या बासला आवाज नाही," तो म्हणाला.

मग खोकडसरांनी डोळे टिपले.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "सर्वोत्तम बास हातात आहे, आणि कलावंत म्हणतो, आवाज नाही! केवढा हा विनय!"

टाळ्या पडल्या.

"विनय नाही," झिपरू ओरडला. "खरंच नाही! पिकअप काढून टाकलेत त्याचे!"

"काढून टाकले!" खोकडसर थरारले. "जे सगळे ठेवतात ते यांनी काढून टाकले! याला धाडस म्हणतात!"

टाळ्यांनी वाघ जागे झाले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. आत्या उठून उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

अभिनंदनं घेता घेता दुपार झाली. मग शाल अंगावर तशीच ठेवून झिपरू थेट साळूबाईंकडे गेला. तिथे दारापासून ओढ्यापर्यंत रांग लागली होती. रानडुकरीण पाच तारांचा बास घेऊन उभी होती. झिपरू रांग मोडून आत घुसला. हेही त्याने पहिल्यांदाच केलं.

"माझे पिकअप परत बसवा," तो म्हणाला.

"आता नाही होणार, बाळा," साळूबाई म्हणाली. ती एका बासमधून काळी पट्टी उपटत होती. "सगळ्यांना काढूनच हवेत. सकाळपासून मान वर केली नाही मी. उपटलेले मोडतात, आणि लोहचुंबक देणाऱ्याला सांगून टाकलं, आता आणू नको म्हणून."

"मग फणसाचा द्या. मध नंतर आणून देतो. फणसाचा द्या मला."

"तो मघाशीच गेला. खोकडसर घेऊन गेले."

"ते वाजवतात?"

"छे. पट्ट्या काढून घेतल्या आणि गाठीवर शिंपला बसवून घेतला. पुढच्या वर्षी क्रमवारीत घालणार आहेत म्हणे."

झिपरू भुशावर बसला. साळूबाईचे दात चालूच होते.

"त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?" त्याने विचारलं. "तुम्हाला तर माहीत होतं."

साळूबाईने काम थांबवलं. "मी विकणारी आहे," ती म्हणाली. "तरी मी तुझ्याकडे बघितलं होतं. चांगली बघत राहिले होते. आणखी किती वेळ बघायचं रे?"

झिपरू उठला आणि घरी गेला. आत्याने त्याच्यासाठी गोड केलं होतं.

झिपरू अजून जत्रेत असतो. आता पुढे, उजेडात उभा राहतो. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी बासवाले उभे असतात, सगळे साळूबाईंचे, सगळे शिंपल्यांचे. दिसायला फारच सुंदर दिसतं. जंगलातलं संगीत इतक्या उंचीवर कधीच नव्हतं, असं खोकडसर वडाच्या बुंध्यावर लिहितात. धामण त्यानंतर आली नाही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती पडून राहायची त्या गवतात आता खुर्च्या मांडतात.

तात्पर्य: मुलांनो, बास नेहमी सकाळच्या वेळी, चार मोठ्या माणसांना बरोबर घेऊन आणि वायर न लावता निवडावा. वाजवून बघितला तर एखादा आवडतो, आणि मग घरी सांगायची पंचाईत होते.